'ऑफबीट' जागा संपत का चालल्यात? रील, गर्दी आणि अस्सल प्रवासाचा गुंता

जून लागला की माझ्या फोनवर वेगवेगळ्या लोकांचा एकच मेसेज येतो. "अगं, एखादी ऑफबीट जागा सांग ना, गर्दी नको, एकदम अस्सल गाव वगैरे पाहिजे." आणि त्याच आठवड्यात पेपरात बातमी असते की अमुक धबधब्यावर बंदी, तमुक धरणाजवळ जमावबंदी, घाटात गाड्यांच्या रांगा. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पुढच्या वर्षी १५ जूनला पुण्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने भरलेला असताना कोसळला, चार जण गेले. दोन्ही दिवस रविवार होते.

मला वाटतं तो मेसेज आणि या बातम्या एकमेकांना जोडलेल्या आहेत. सगळ्यांना गर्दी नसलेली जागा हवीये, सगळे ती एकाच फोनवर शोधतायत, आणि म्हणून सगळे एकाच ठिकाणी पोचतायत. वर एक वाद कायम चालू असतो की खरा प्रवासी कोण आणि नुसता टूरिस्ट कोण. मी गेली बारा-तेरा वर्षं सह्याद्रीत आणि कोकणात हिंडतेय, यावर बरंच वाचलंय, आणि मला हा गुंता जसा समजलाय तसा सांगते.

आधी हे 'पर्यटन' आलं कुठून

आपल्याकडे लोक पूर्वी फिरायचे नाहीत असं अजिबात नाही, भरपूर फिरायचे, पण फिरायला म्हणून नाही. पंढरीची वारी, काशीयात्रा, जत्रा, बाजार, माहेरपण, लग्नकार्य, चाकरी, काहीतरी काम असायचं आणि त्या कामाच्या वाटेवर जग दिसायचं. पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी १८५७ मध्ये उत्तरेत गेले ते दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल म्हणून, आणि सापडले थेट बंडात, झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. त्यांना 'अनुभव' घ्यायचाच नव्हता, पोटाची सोय बघायची होती, आणि तरी त्यांच्याइतकं बघणारा माणूस विरळा.

नुसतं बघायला जाणं, तेही पैसे भरून गटाने, ही गोष्ट रेल्वेबरोबर वाढली. ५ जुलै १८४१ ला इंग्लंडमध्ये थॉमस कुक नावाच्या माणसाने लेस्टरहून लफबरोला सुमारे ५०० लोकांना एक शिलिंग भाड्यात रेल्वेने नेलं, निमित्त होतं दारूबंदीच्या सभेचं. त्यातून पुढे त्याची जगभर सहली काढणारी कंपनी उभी राहिली. तेव्हापासून प्रवास विकत मिळायला लागला, गाडी, मुक्काम, काय बघायचं ते, सगळं आधी ठरवून. म्हणजे साधी कामगार माणसंही आता फिरू लागली, आणि लगेच शिकल्यासवरलेल्या लोकांनी त्यांना नावं ठेवायला सुरुवात केली, की हे टूरिस्ट म्हणजे मेंढरं, खरे प्रवासी आम्हीच. आज ट्रेकच्या ग्रुपवर जे भांडण चालतं ना, ते इतकं जुनं आहे. माझ्या मते या भांडणात मुळात उच्च-नीच लपलेलं आहे, आणि त्याने काही कळत नाही. कळायला मदत झाली ती दुसऱ्याच एका गोष्टीची.

ओटी आणि माजघर

डीन मॅककॅनल नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक कल्पना मांडली, तिला आपण मराठीत 'मांडलेला अस्सलपणा' म्हणूया. नाव जड आहे पण गोष्ट आपल्या घरातलीच आहे. जुन्या घरात ओटी असते आणि माजघर असतं. पाहुणा येतो तो ओटीवर बसतो, तिथे सतरंजी झटकलेली, पाण्याचा तांब्या घासलेला, सगळे जरा नीट बोलतात. माजघरात मात्र खरं घर चालू असतं, कुणी रुसलंय, कुणी उष्टी काढतंय, पैशाची बोलणी चाललीयेत.

आता फिरायला गेलेल्या माणसाला माहीत असतं की आपल्याला ओटीवर बसवलंय, म्हणून त्याला माजघरात डोकवायचं असतं, "लोकल लोक जिथे खातात तिथे ने" म्हणतो तो याचसाठी. मॅककॅनलचं म्हणणं असं की यजमानांना हे कळायला वेळ लागत नाही, मग ते पाहुण्यांना दाखवायला एक वेगळं माजघर तयार करतात. खरं माजघर अजून आत सरकतं. पाहुणा खूश होतो की आपण आत आलो, पण तो आलेला असतो दुसऱ्या ओटीवर.

मला स्वतःला यातून एक साधी कसोटी मिळाली, की मी इथे आले नसते तरी हे असंच घडलं असतं का? दापोलीजवळ हर्णैला माशांचा लिलाव होतो, समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, होड्या लागतात, टोपल्या वाळूवर उतरतात, बायका उभ्या राहून बोली लावतात आणि पाच मिनिटांत ढीग उचलला जातो. तिथे तुम्ही नसलात तरी मासळी यायची तेव्हा येणार, भाव ठरायचा तसा ठरणार. उलट तुम्ही फोटोसाठी मधे उभ्या राहिलात तर एखादी कोळीण "ए बाई, बाजूला हो" म्हणून खेकसते, आणि तिचं बरोबरच आहे, तिचा तो धंद्याचा वेळ आहे.

पण ही कसोटी जास्त ताणायची नाही हां. पाहुणा आला म्हणून केलेला शिरा खोटा नसतो. पाहुण्यासाठी काही वेगळं करणं हीसुद्धा खरीच गोष्ट आहे, आपली आजी तेच करायची. बिघडतं तेव्हा, जेव्हा काय करायचं ते यजमान न ठरवता पाहुण्याच्या डोक्यातलं चित्र ठरवायला लागतं. आणि हे चित्र आज येतं कुठून, तर फोनमधून.

मग इंटरनेटने नेमकं काय केलं

पूर्वी जागेची माहिती माणसाकडून माणसाकडे जायची आणि तिच्याबरोबर अटी जायच्या. "जा हरिहर किल्ल्यावर, पण पायथ्याच्या निरगुडपाड्यात अमक्यांकडे चहा घे, पाऊस असेल तर वर चढू नको, आणि शनिवार-रविवार टाळ." सांगणारा तुम्हाला ओळखायचा, तुमचे गुडघे कसे आहेत हेही त्याला माहीत असायचं. रीलमध्ये अटी गळून पडतात. तीस सेकंदात फक्त त्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या, ढग आणि गाणं. १८१८ मध्ये इंग्रजांनी बऱ्याच किल्ल्यांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, हरिहरच्या तेवढ्या राहिल्या, म्हणून तर ते दृश्य इतकं विलक्षण आहे.

मी एका ऑगस्टमध्ये, रविवारीच, तिथे अडकले होते. पायरी एका माणसापुरती. दोन्ही बाजूंना हात घालायला खोबण्या, त्यात पाणी साचलेलं, बोटं गार पडलेली. वरून उतरणारे थांबलेत, खालून चढणारे थांबलेत, माझ्या डोक्यावर एकाचा बूट, माझ्या पायाशी एक शाळकरी मुलगी रडतेय, आणि कुणीतरी मागून ओरडतंय की लवकर करा आमची बॅच निघायचीये. चाळीस मिनिटं मी एका पायरीवर उभी होते. त्या वेळात एकही माणूस आजूबाजूला बघत नव्हता, कारण बघायला ते आलेच नव्हते, फोटोत दिसलेली ती पायरी गाठायला आले होते, आणि खरं सांगायचं तर मीही त्यातलीच होते.

हा क्रम उलटला ना, ते सगळ्यात मोठं. आधी माणूस जायचा, बघायचा, मग फोटो. आता फोटो आधी, जागा नंतर, आणि जागेने फोटोसारखं दिसायचं अशी आपली अपेक्षा. जागा तशी दिसली नाही तर आपण जागेलाच कमी स्टार देतो.

आपल्याकडे हे इतक्या झपाट्याने का झालं त्याला तारखा आहेत. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि मोबाइल डेटा स्वस्त झाला. जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केलं, आणि त्याच वेळी आपण सगळे लॉकडाऊनमध्ये घरात कोंडलेले होतो, हातात फोन आणि डोळ्यासमोर दुसऱ्यांचे धबधबे. दार उघडल्यावर काय होणार होतं ते झालं. त्यात चारचाकी वाढल्या, जोडून आलेल्या सुट्ट्या सगळ्यांच्या एकच, आणि पुण्या-मुंबईतून दोन-तीन तासात पोचता येईल अशा जागा मोजक्या.

वडापावच्या गाडीचा नियम

आता हे जे 'अल्गोरिदम, अल्गोरिदम' सगळे म्हणतात ते काय, तर तुम्हाला पुढे काय दाखवायचं ते ठरवायचे नियम. एवढंच. आणि त्यातला मुख्य नियम आपल्या वडापावच्या गाडीसारखा आहे. अनोळखी गावात दोन गाड्या शेजारी असतील, एकीवर पाच माणसं आणि दुसरीवर कुणीच नाही, तर आपण पाच माणसांमागे उभे राहतो. मग तिथे सहा होतात, मग दहा. दुसऱ्याचा वडा कदाचित जास्त चांगलाही असेल, पण ते कळायची वेळच येत नाही.

अॅपही तेच बघतं, कुठला व्हिडिओ लोकांनी शेवटपर्यंत पाहिला, कुणी सेव्ह केला, कुणी मित्राला पाठवला. जो जास्त तो अजून लोकांना दाखवायचा. त्यात कुठेही असा रकाना नाही की त्या गावात संडास किती आहेत, पार्किंगला किती जागा आहे, धबधब्याखालचा डोह किती खोल आहे. रायगड जिल्ह्यात भिऱ्याजवळचं देवकुंड घ्या. हिरवट-निळा गोल डोह आणि वरून सरळ पडणारी धार, फोटोला यापेक्षा चांगलं काय असणार. पण तिथे लोक बुडालेत, ओढा अचानक फुगतो, आणि पावसाळ्यात प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागतात. बंदी आली की पहिला फटका वाटाड्या म्हणून चार पैसे मिळवणाऱ्या गावातल्या पोरांना, रील टाकणारा तोवर दुसऱ्या धबधब्यावर गेलेला असतो.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतंय असं समजू नका. जपानमध्ये फुजीकावागुचिको गावात एका साध्या दुकानामागे फुजी पर्वत छान दिसतो, त्या एका फोटोसाठी इतकी गर्दी व्हायला लागली की मे २०२४ मध्ये गावाने समोर अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळी जाळी लावली, आणि लोकांनी त्या जाळीला भोकं पाडून फोटो काढले. ऑस्ट्रियातल्या हालस्टाट गावाची वस्ती आठशेसुद्धा नाही, सीझनला दिवसाला दहा हजारापर्यंत माणसं येतात, तिथे २०२३ मध्ये फोटोच्या जागेसमोर काही दिवस लाकडी कुंपण घातलं होतं. आपल्या शेजारी गोव्यात पर्रा गावचा नारळांच्या झाडांमधून जाणारा रस्ता एका हिंदी सिनेमानंतर प्रसिद्ध झाला आणि २०१९ मध्ये पंचायतीने तिथे फोटो काढायला पैसे लावले, त्यावर बराच गदारोळ झाला. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये तर लोकांनी आपल्या घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या लावल्यात. विचार करा, कुणीतरी रोज सकाळी तुमच्या दाराच्या पायरीवर बसून फोटो काढतंय आणि तुम्हाला दूध घ्यायला बाहेर यायचंय.

चुलीवरचं जेवण आणि काकूंचा गॅस

हे सगळं मला नीट कळलं ते मात्र एका स्वयंपाकघरात. गुहागर तालुक्यातल्या एका छोट्या गावात मी एका काकूंकडे राहते अधूनमधून, त्यांनी घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्यात. गेटवर बोर्ड आहे, 'चुलीवरचं घरगुती जेवण'. पहिल्यांदा गेले तेव्हा मागच्या पडवीत चूल पेटलेली, वर मातीचं भांडं, मुंबईहून आलेलं एक कुटुंब फोटो काढतंय, काकू फुंकणीने जाळ करतायत. रात्री मला पाणी हवं होतं म्हणून आत गेले तर आत ओट्यावर दोन बर्नरचा गॅस, त्यावर कुकर, आणि सगळं जेवण तिथेच झालेलं.

मी काही बोलले नाही, त्याच हसल्या. म्हणाल्या, "अगो, चूल मी सोडून आठ वर्षं झाली. धुराने डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं, सासूबाई खोकून खोकून गेल्या. पण बोर्ड काढला तर गाडी पुढच्या घराशी थांबते." मग म्हणाल्या की दिवसातून दोनदा चूल पेटवतात, पाहुणे जेवायच्या आधी, वीस मिनिटं.

मला त्या रात्री झोप नाही आली नीट. कारण यात खोटं कोण वागलं? काकू नाही. त्यांचं खरं, अस्सल आयुष्य म्हणजे तो गॅस आहे, कुकर आहे, आणि आपले डोळे वाचवायचा त्यांनी घेतलेला निर्णय आहे. आपल्याला पाहिजे होती ती पन्नास वर्षांपूर्वीची बाई, आणि ती नसताना आपण तिला पुन्हा धुरात बसवली. म्हणजे आपण 'अस्सल' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्याला 'जुनं' म्हणायचं असतं, आणि थोडं 'गरीब'ही म्हणायचं असतं, हे मान्य करायला जड जातं पण तसंच आहे.

छपराचंही तेच. त्यांचं घर कौलारू आहे, फोटोत फार सुंदर. पण माकडं कौलं फोडतात, दर मे महिन्यात ती बदलून घ्यावी लागतात, त्या कामाला आता माणूस मिळत नाही, आणि तरी जुलैत दोन खोल्यांत बादल्या लावाव्या लागतात. काकूंना स्लॅब पाहिजे. मुलगा म्हणतो स्लॅब टाकला तर बुकिंग निम्मं होईल. मागे एका पाहुण्याने रिव्ह्यूमध्ये लिहिलं होतं की बाथरूमला टाइल्स आहेत, गावाचा फील येत नाही, आणि तीन स्टार दिले. त्या तीन स्टारांमुळे त्यांचं घर यादीत खाली गेलं. एका माणसाला एका रात्रीपुरता फील पाहिजे होता आणि त्यासाठी एका बाईने आयुष्यभर जुन्या दगडी मोरीत अंघोळ करायची? मला याचा खरंच राग येतो.

शेवटच्या दिवशी त्यांनी घरच्यांसाठी कुळथाचं पिठलं आणि भात केला होता, मेनूत नव्हता तो. मी विचारलं मला चालेल का, तर म्हणाल्या, "हे काय पाहुण्यांना वाढायचं?" आणि वाढलं. त्यांची नात समोर बसून रडत होती की तिला मॅगी पाहिजे.

"पण गावाला पैसा मिळतोय ना?"

मिळतो, आणि ते महत्त्वाचं आहे, मी ते नाकारणार नाही. काकूंच्या मुलाला मुंबईला जावं लागलं नाही ते या दोन खोल्यांमुळे. पण पैसा येतो म्हणजे कुणाकडे येतो हे बघायला लागतं. गावातल्या घरात राहिलात, गावातल्या रिक्षाने फिरलात तर तो गावात राहतो. शहरातून गाडी भरून आलात, सोबत बिसलेरीची पेटी, चिप्स, कोळसा, रात्री तंबू आणि सकाळी परत, तर गावाला राहतो तो कचरा. आणि गर्दी एका मर्यादेपुढे गेली की जमिनीचे भाव वाढतात, बाहेरचे लोक येऊन हॉटेलं टाकतात, आणि गावातला माणूस आपल्याच गावात वॉचमन होतो.

स्पेनमधल्या बार्सिलोनात हे टोकाला गेलंय. तिथे घरं पर्यटकांना दिवसावर देण्यात जास्त पैसा मिळतो म्हणून शहरातल्याच लोकांना भाड्याने घर मिळेना. जुलै २०२४ मध्ये लोकांनी मोर्चा काढून हॉटेलांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. महापालिकेने तर सुमारे १० हजार पर्यटक-फ्लॅटचे परवाने २०२८ पर्यंत संपवायचं जाहीर केलंय. मला त्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटली ती छोटीशीच आहे. ११६ नंबरची एक छोटी बस आहे, वस्तीतल्या म्हाताऱ्या लोकांची, ती पर्यटकांची झुंबड उडणाऱ्या ग्वेल उद्यानाजवळून जाते. गूगल मॅप्स त्या सगळ्यांना तीच बस सुचवायचं, त्यामुळे म्हाताऱ्यांना बाजारातून पिशव्या घेऊन घरी जायला जागाच मिळेना. शेवटी तो मार्ग मॅप्सवरून काढायला लावला तेव्हा कुठे लोकांना आपल्या बसमध्ये बसायला मिळालं.

आपल्याकडच्या काजव्यांचंही असंच. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची भागात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं लुकलुकतात. ते लुकलुकणं आपल्यासाठी नसतं, नर उडता उडता उजेडाने मादीला खूण करतो, मादी गवतातून, पानावरून उत्तर देते. गाड्यांचे हेडलाइट आणि मोबाइलचे टॉर्च मारले की ही खूण बुजून जाते, वर आपण त्या गवतावरूनच चालतो. जोडी जमली नाही तर पुढच्या वर्षी काजवे कमी, आणि काजवे कमी झाले की गावाचा पैसाही गेला.

"तुम्ही आधी जाऊन आलात, आता आम्हाला अडवताय"

हा आक्षेप मला खरा टोचतो कारण त्यात तथ्य आहे. ट्रेकिंग बरीच वर्षं ठराविक शहरी, शिकलेल्या लोकांची गोष्ट होती. आज पहिल्यांदा कमावणारा, बाइक घेतलेला मुलगा मित्रांबरोबर धबधब्याला जातो तर जुने ट्रेकर त्याला 'पब्लिक' म्हणतात, हे मला पटत नाही. डोंगर कुणाच्या बापाचा नाही. तो मुलगा चुकतो तिथे चुकतो, पण कुणी त्याला सोबत घेऊन पाण्याचा धोका कसा ओळखायचा ते दाखवलंय का?

मात्र जागेला मर्यादा असते ही गोष्ट माझ्या-तुमच्या हक्कापेक्षा वेगळी आहे. एका खोलीत दहाच माणसं झोपू शकतात, त्यात अकरावा कितीही चांगला असला तरी. साताऱ्याजवळचं कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या यादीत आलं, गर्दी इतकी वाढली की फुलं तुडवली जायला लागली, मग रोज ३ हजार लोकांची मर्यादा आणि ऑनलाइन बुकिंग आलं. मला हे बरं वाटतं, कारण यात तुम्ही कोण आहात हे कुणी विचारत नाही. जुना ट्रेकर आणि नवा मुलगा दोघांनाही तेच तिकीट, तीच रांग. व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठराविक दिवशी फक्त दिवसापुरत्या येणाऱ्यांना ५ युरो लावले, त्याचा मात्र मला फारसा भरवसा वाटत नाही. जो विमानाने तिथवर आलाय तो ५ युरोसाठी मागे फिरेल का?

"इंटरनेट नसतं तर मी गेलेच नसते"

हे मी स्वतःच म्हणते. बाई म्हणून एकटीने फिरताना रिव्ह्यू, मॅप, लाइव्ह लोकेशन हे सगळं नसतं तर मला घरातून परवानगीही मिळाली नसती आणि माझी हिंमतही झाली नसती. दुसऱ्या एखाद्या मुलीने लिहिलेलं असतं की इथे रात्री दार आतून नीट लागतं, मालक दारू पीत नाही, त्या दोन ओळींवर मी मुक्काम ठरवलेत. 'खरा प्रवासी मॅप बघत नाही, वाट चुकतो' असं जे सांगतात ते बहुतेक पुरुष असतात, त्यांना वाट चुकणं परवडतं. त्यामुळे फोन फेकून द्या वगैरे मी कधीच म्हणणार नाही. फोनवर कुठे राहायचं ते शोधते, जायची वाट कशी आहे ते बघते, काय काय बघायला मिळेल त्याचे व्हिडिओ मात्र बघत नाही. बारीक फरक आहे पण त्याने खूप काही उरतं.

"मग लोकेशन लपवायचं का?"

अमेरिकेत जॅक्सन होल भागाने २०१८ मध्ये लोकांना आवाहन केलं होतं की फोटोवर नेमका तलाव किंवा टेकडी न टाकता मोघम ठिकाण टाका. आपल्याकडेही काही ग्रुप असं करतात. मला हे अर्धंच पटतं. लपवलं की ते पुन्हा ओळखीच्या चार जणांचं होतं, आणि कुणी ना कुणी फोडतंच. मी अटी परत जोडते. फोटो टाकला तर बरोबर लिहिते की वाट दोन तासांची आहे, जळवा आहेत, पावसात ओढा ओलांडता येत नाही, गावात संडास एकच आहे, अमुक महिन्यात येऊ नका. असं लिहिलं की लाइक कमी येतात, विचारणारे मात्र नीट विचारतात. आणि कुणाच्या घराचा, आजीबाईंचा, शाळेतल्या पोरांचा फोटो त्यांना विचारल्याशिवाय नाही. आपल्या पोरांचे फोटो कुणी परक्याने काढून टाकलेले आपल्याला चालतात का?

अजून एक मी करते, एकाच ठिकाणी पुन्हा जाते. पहिल्या खेपेला आपण टूरिस्टच असतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ओटीवरून आत बोलावतात, आणि बोलावलं नाही तरी चालतं, ते त्यांचं घर आहे. काकूंच्या रिव्ह्यूमध्ये मी लिहिलं की गॅसवर केलेलं कुळथाचं पिठलं अप्रतिम आणि बाथरूम एकदम स्वच्छ. त्यावर त्यांच्या मुलाचा फोन आला, "ताई, गॅसचं लिहायला नको होतं." मी ते काढलं, कारण बुकिंग त्यांचं आहे. स्लॅबचं अजून ठरलेलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर काकू स्वतः पुण्याला आल्या, माझ्याकडे, चार दिवस. म्हटलं शनिवारवाडा दाखवते, तर म्हणाल्या, "तो मेला बघितलाय शाळेच्या सहलीत, मला मेट्रो दाखव." आम्ही स्वारगेटला बसलो, जिल्हा न्यायालय स्टेशनला उतरलो, तिथे जमिनीखाली तीसेक मीटरवर वरून ऊन येतं खाली, त्या मान वर करून बघतच राहिल्या, सरकत्या जिन्यावर माझा दंड घट्ट धरला. मग दुसऱ्या गाडीने वनाजकडे. मधेच त्यांनी फोन काढला आणि खिडकीतून नदीचा व्हिडिओ घेतला, गावच्या बचत गटाच्या ग्रुपवर टाकायला. शेजारी कॉलेजची एक मुलगी होती, कानात हेडफोन. काकूंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "तू कुठची गो?" तिने हेडफोन काढला. चिपळूणची निघाली, तिच्या आत्याचं सासर काकूंच्या शेजारच्या वाडीत. वनाज आलं, सगळे उतरले, या दोघी बोलतच होत्या.